भटक्या कुत्र्याला सलाईन किती?

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके या ठिकाणांहून भटके कुत्रे हटवण्याचा आदेश दिला. या कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवायचे, पुन्हा त्याच जागी सोडायचे नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याआधी २२ ऑगस्टला न्यायालयाने ११ ऑगस्टचा दिल्ली परिसरापुरता असलेला कठोर आदेश बदलला होता. रेबीज झालेले, रेबीजचा संशय असलेले आणि आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण, जंतनाशक औषध व लस देऊन मूळ जागी सोडावे, असे तेव्हा ठरले आणि प्रकरणाची व्याप्ती सर्व राज्यांपर्यंत गेली. सोडायचे की ठेवायचे, यावर देशभर वाद झाला. दोन्ही आदेशांत एक गोष्ट मात्र समान आहे. कुत्रा आधी शस्त्रक्रियेच्या टेबलावर यायचा आहे.

वर्धा जिल्ह्यातील पुलगाव हे मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरचे, वर्धा नदीकाठचे गाव. नगर परिषद आहे, रेल्वे स्थानक आहे, बसस्थानक आहे, शाळा आहेत, दवाखाने आहेत. न्यायालयाच्या यादीतील बहुतेक ठिकाणे पायी फिरून पाहता येतील एवढ्या टापूत आहेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची आहे. मुंबई-पुण्यात त्यासाठी अनेक वर्षांची घडी बसलेली आहे. पुलगावएवढ्या गावात असे काम बहुधा कंत्राटावर, ठरावीक दिवसांत, ठरावीक आकड्याचे होते. अशा मोहिमेची चर्चा किती कुत्रे पकडले आणि किती खर्च झाला, या दोन आकड्यांभोवती फिरते. टेबलावरच्या प्रत्येक कुत्र्याला भूल द्यावी लागते आणि भूल दिलेल्या जिवाच्या शरीरातील पाण्याचा हिशेब कोणीतरी ठेवावा लागतो, याकडे क्वचितच लक्ष जाते.

हा विषय केवळ पशुवैद्यकांचा वाटू शकतो. पण २०१९ च्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटके कुत्रे आहेत आणि २०२४ या एका वर्षात देशात श्वानदंशाच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचत नाही, हे वैद्यकातील कटू सत्य आहे. रेबीज रोखण्याचा खात्रीचा मार्ग कुत्र्यांच्या लसीकरणातून जातो आणि भटक्या कुत्र्यांची लस बहुतेक वेळा निर्बीजीकरणाच्या मोहिमेतूनच दिली जाते. ती मोहीम नीट चालते की नाही, हे टेबलावर ठरते.

सवयीचे सलाईन

सलाईन लावणे ही आपल्याकडे उपचाराची खूणच झाली आहे. अशक्तपणा आला, ताप आला, की ‘एक बाटली लावा’ म्हणणारे रुग्ण खेड्यापाड्यांत आणि शहरांतही भेटतात. जनावरांच्या बाबतीतही तेच घडते. एक टोक असे, की शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांची आहे, मग सलाईन कशाला, म्हणून नसेत सुईसुद्धा टाकली जात नाही. दुसरे टोक असे, की प्रत्येक कुत्र्याला अर्धा लिटरची बाटली लावून चावी पूर्ण उघडली जाते. दोन्हीकडे चूक एकच आहे. कुत्र्याला पाण्याची गरज किती, हे कुत्र्याकडे पाहून ठरवलेले नसते.

सलाईन हे औषध आहे. त्याला मात्रा आहे, वेग आहे, कारण आहे आणि दुष्परिणामही आहेत. अमेरिकन अ‍ॅनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांचा रोख हाच आहे. पूर्वी भुलीखालील कुत्र्याला तासाला प्रत्येक किलो वजनामागे १० मिलि द्रव देण्याची पद्धत होती. २०१३ च्या सूचनांत निरोगी कुत्र्यासाठी ती मात्रा निम्म्यावर, म्हणजे ५ मिलिवर आणली गेली, मांजरासाठी ३ मिलिवर. २०२४ च्या सुधारित सूचनांनीही कुत्र्यासाठी ५ मिलि हाच आकडा ठेवला. तोसुद्धा सुरुवातीचा आकडा आहे. पुढे तो वाढवायचा की कमी करायचा, हे त्या त्या जनावराच्या तपासणीवर सोपवलेले आहे.

आकडे समोर मांडले की गोष्ट स्पष्ट होते. समजा, १२ किलो वजनाची एक गावठी मादी टेबलावर आहे. तासाला ५ मिलिच्या हिशेबाने तिला तासाभरात ६० मिलि द्रव लागेल. लहान मुलांसाठी वापरतात त्या मायक्रो-ड्रिप सेटमधून एका मिलिमध्ये ६० थेंब पडतात. म्हणजे मिनिटाला ६० थेंब, सेकंदाला एक. मिलिला २० थेंबांच्या साध्या सेटमधून हाच वेग तीन सेकंदांना एक थेंब एवढा होतो. आता याच मादीला ५०० मिलिची बाटली अर्ध्या तासात गेली तर? किलोमागे सुमारे ४२ मिलि द्रव तिच्या नसेत शिरला. साठ किलोच्या माणसाला अर्ध्या तासात अडीच लिटर सलाईन देण्यासारखे हे आहे. निरोगी कुत्रा तेही बऱ्याचदा पचवतो. हृदय किंवा मूत्रपिंड आधीच कमजोर असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या फुप्फुसात मात्र पाणी साठू शकते.

भूल देण्याआधी

गरज ठरवण्याचे काम भुलीच्या सुईआधी सुरू होते. पहिले साधन वजनकाटा. ‘असेल दहा-बारा किलोचा’ या अंदाजात दोन-तीन किलोंची चूक सहज होते आणि भुलीच्या औषधापासून सलाईनपर्यंत सगळे आकडे चुकतात. पकडलेल्या कुत्र्याला जाळीसकट किंवा पिंजऱ्यासकट काट्यावर ठेवून रिकाम्या जाळीचे वजन वजा करणे एवढे सोपे हे काम आहे.

दुसरी गोष्ट, शरीरातील पाण्याची तूट. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती किती वेगाने बसते, हिरड्या ओल्या आहेत की चिकट, डोळे खोल गेले आहेत का, हे पाहायचे. वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी पाणी गेलेले असेल तर तपासणीत सहसा काही दिसत नाही. साधारण ८ टक्के गेले असेल तर कातडीची चिमटी स्पष्टपणे उभी राहते आणि हिरड्या कोरड्या लागतात. १० ते १२ टक्क्यांच्या पुढे डोळे खोल जातात, नाडी कमजोर होते, जीव धोक्यात असतो. हिशेब सरळ आहे. १२ किलोच्या मादीत ८ टक्के तूट म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी. ते टेबलावर अर्ध्या तासात भरून काढता येत नाही आणि काढूही नये. अशा कुत्र्याची शस्त्रक्रिया त्या दिवशी करायची नाही, त्याला काही तास सावकाश द्रव देऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासायचे, हाच शहाणपणाचा निर्णय. चिमटीची परीक्षा म्हाताऱ्या आणि हडकुळ्या कुत्र्यांत फसवी असते, कारण त्यांची कातडी एरवीही सैल असते. लठ्ठ कुत्र्यात तूट असूनही कातडी पटकन बसते. म्हणून एकाच खुणेवर विसंबायचे नसते.

विदर्भात याला उन्हाळ्याची जोड आहे. एप्रिल-मेमध्ये वर्धा जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरचे व श्वासनलिकेतले पाणी उडवून तो शरीर थंड ठेवतो. जाळीत पकडलेला, घाबरलेला, पत्र्याच्या गाडीत दोन तास बसलेला कुत्रा धापा टाकतच दवाखान्यात येतो. त्याचे पाणी वाटेतच गेलेले असते. त्यात ‘उद्या शस्त्रक्रिया आहे, काही देऊ नका’ म्हणून रात्रभर पाण्याचे भांडेही उचलले, तर सकाळी टेबलावर येणारा कुत्रा आदल्या दिवशीपेक्षा अधिक कोरडा असतो. उपाशी ठेवायचे ते अन्नापुरते. पाणी भुलीच्या वेळेपर्यंत समोर असले पाहिजे.

तिसरी गोष्ट रक्ताची. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया व बबेसियासारखे आजार भटक्या कुत्र्यांत आढळतात. त्यांत रक्त कमी होते, रक्त गोठवणाऱ्या बिंबाणू पेशी घटतात. बाहेरून धट्टाकट्टा दिसणारा कुत्रा टेबलावर अनपेक्षित रक्तस्राव करतो, त्यामागे बऱ्याचदा हे कारण असते. एका बारीक काचनळीतील रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तांबड्या पेशींचे प्रमाण काही मिनिटांत कळते. निरोगी कुत्र्यात ते साधारण ३७ ते ५५ टक्के असते. ते २० टक्क्यांवर असेल तर सलाईनने प्रश्न सुटणार नाही, उलट उरलेले रक्त आणखी पातळ होईल.

भुलीखाली खुणा बदलतात

खरी अडचण पुढे आहे. जागेपणी ज्या खुणा पाहून शरीरातील रक्ताभिसरण कळते, त्याच खुणा भूल बदलून टाकते. हिरडीवर बोट दाबून सोडले की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी, हा सर्वमान्य ठोकताळा. पण आपल्याकडे निर्बीजीकरणाच्या मोहिमांत झायलाझिन व केटामिन ही जोडी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. झायलाझिनमुळे सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात. हिरड्या फिकट दिसतात, नाडी मंदावते, बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र जिभेवर लावले तर आकडाही नीट दाखवत नाही. अशा वेळी रक्तदाब प्रत्यक्षात वाढलेला असू शकतो. रक्तस्रावातही हिरड्या फिकटच होतात. खूण तीच, पण कारणे दोन. पहिल्या कुत्र्याला भरभरून सलाईन दिले तर आधीच मंद चालणाऱ्या हृदयावर बोजा पडतो. दुसऱ्याला दिले नाही तर तो दगावतो.

झायलाझिनची आणखी एक खोड आहे. ते लघवी रोखणाऱ्या संप्रेरकाचे काम दाबते, त्यामुळे कुत्रा भरपूर लघवी करतो. माणसांच्या अतिदक्षता विभागात लघवीचे प्रमाण पाहून पाण्याचा अंदाज घेतात, तो येथे लागू पडत नाही. लघवी भरपूर झाली म्हणजे पाणी पुरेसे आहे, असे म्हणावे, तर ते पाणी औषधाने बाहेर काढलेले असते. उलट वायूरूप भुलीखाली निरोगी कुत्र्याची लघवी कमी होते, म्हणून पाणी कमी पडले असाही अर्थ निघत नाही.

मोठ्या रुग्णालयांत आयसोफ्लुरेन या वायूने भूल देतात. त्याचा परिणाम उलटा. रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब खाली येतो. येथे पाणी कमी झालेले नसते, भांडे मोठे झालेले असते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयसोफ्लुरेनमुळे रक्तदाब उतरलेल्या कुत्र्यांना किलोमागे ८० मिलिपर्यंत रिंगर लॅक्टेट देऊन पाहिले गेले. तेवढे देऊनही रक्तदाब अपेक्षेप्रमाणे वर आला नाही. म्हणून आज क्रम असा सांगितला जातो: सरासरी रक्तदाब ६० च्या खाली गेला तर आधी भुलीची खोली कमी करा, नाडी फार मंद असेल तर ती सुधारा, रक्तस्राव आहे का पाहा आणि मगच द्रवाचा छोटा घोट द्या.

हा छोटा घोट हीच गरज तपासण्याची उत्तम चाचणी आहे. किलोमागे ५ मिलि, म्हणजे आपल्या १२ किलोच्या मादीला ६० मिलि द्रव काही मिनिटांत द्यायचा आणि पुन्हा पाहायचे. मांडीच्या आतल्या बाजूची नाडी भरली का? ठोके सुधारले का? रक्तदाब वर आला का? आला, तर शरीराला द्रव हवा होता. नाही आला, तर आणखी ओतण्याआधी कारण शोधायचे. माणसांच्या अतिदक्षता विभागात यासाठी पाय उचलून पाहण्याची युक्ती, सोनोग्राफीवर मोठ्या शिरेची जाडी, श्वासाबरोबर बदलणाऱ्या नाडीच्या लहरी अशी साधने वापरतात. कुत्र्यांसाठीही सोनोग्राफी व नाडीच्या लहरींची साधने पशुवैद्यक महाविद्यालयांतील रुग्णालयांत वापरात येत आहेत. तालुक्याच्या ठिकाणी ती नसली तरी बोट, घड्याळ, स्टेथोस्कोप आणि लहान मुलांच्या मापाची रक्तदाबाची पट्टी एवढ्यावर बरेच काही कळते. पट्टीची रुंदी मात्र पायाच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. मोठी पट्टी लावली तर दाब खोटा कमी दिसतो आणि विनाकारण सलाईन जाते.

रक्तस्रावाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. कुत्र्यात किलोमागे ८० ते ९० मिलि रक्त असते. म्हणजे १२ किलोच्या मादीत सगळे मिळून सुमारे एक लिटर. एक कटिंग चहाएवढे, १०० मिलि रक्त गेले की तिचे दहा टक्के गेले. साठ किलोच्या माणसाला तेवढेच नुकसान सोसायला सव्वाचारशे मिलि रक्त जावे लागते. नर कुत्र्याच्या शस्त्रक्रियेत रक्त फारसे जात नाही. मादीच्या पोटातून बीजांडकोष व गर्भाशय काढताना एखादी गाठ सैल पडली, तर पोटाच्या आत शांतपणे रक्त साठत राहते आणि टेबलावर एक थेंबही दिसत नाही. पूर्ण भिजलेल्या गॉजच्या तुकड्यात साधारण १० मिलि रक्त मावते, हे माहीत असेल तर भिजलेले तुकडे मोजूनही नुकसानीचा अंदाज येतो. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंतची हानी रिंगर लॅक्टेटसारख्या द्रवाने सांभाळता येते. वीस टक्क्यांच्या पुढे रक्ताचाच विचार करावा लागतो.

बाटलीत काय आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. ग्लुकोजचे सलाईन ताकद देते, हा समज माणसांच्या दवाखान्यांतून जनावरांच्या दवाखान्यात आला आहे. पाच टक्के ग्लुकोजमधील साखर शरीर लगेच वापरते आणि उरते ते निव्वळ पाणी. ते सगळ्या पेशींत पसरते, रक्तवाहिन्यांत जेमतेम बारावा हिस्सा राहतो. रक्ताची जागा भरायला ते निरुपयोगी आहे. रिंगर लॅक्टेटचाही सुमारे पाव हिस्साच तासाभराने रक्तवाहिन्यांत राहतो, पण त्यातील क्षार रक्ताच्या जवळचे असल्याने ते पहिली पसंती ठरते.

कमी आणि जास्त, दोन्हींची किंमत

‘थोडे जास्त गेले तर काय बिघडते?’ हा प्रश्न माणसांच्या वैद्यकानेही बराच काळ विचारला. त्याचे उत्तर महागात पडले. युगांडा, केनिया व टांझानियात तीव्र ताप व रक्ताभिसरण बिघडलेल्या ३,१४१ बालकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. झटपट सलाईन दिलेल्या बालकांपैकी ४८ तासांत १०.५ टक्के दगावली, ज्यांना तसे दिले नाही त्यांच्यात हे प्रमाण ७.३ टक्के होते. अति तेथे माती म्हणतात ती अशी. म्हणून हात आखडता घ्यावा, तर २०१८ मध्ये पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३,००० रुग्णांच्या अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. मोजून-मापून कमी द्रव दिलेल्यांत मूत्रपिंडाला इजा ८.६ टक्क्यांना झाली, सढळ द्रव दिलेल्यांत ५ टक्क्यांना.

या ज्ञानाचा एक भाग कुत्र्यांकडूनच आला आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत आल्फ्रेड ब्लेलॉक व त्यांचे सहकारी व्हिव्हियन थॉमस यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की जखमेनंतरचा ‘शॉक’ कुठल्या विषामुळे येत नाही, रक्त व द्रव कमी पडल्यामुळे येतो. पुढच्या युद्धात असंख्य सैनिकांना रक्त व प्लाझ्मा देऊन वाचवले गेले, त्यामागे अशा संशोधनाचा पाया होता. माणसाला सलाईन कसे द्यावे, हे शिकवणाऱ्या प्राण्याला सलाईन देताना मात्र अंदाजपंचे काम चालावे, हे न्यायाचे नाही.

भुलीत दगावण्याचे प्रमाण किती असू शकते, याचा अंदाज ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासातून मिळतो. २००२ ते २००४ या काळात ११७ दवाखान्यांतील ९८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. निरोगी कुत्र्यांत सुमारे १,८५० मागे एक मृत्यू झाला, आजारी कुत्र्यांत ७५ मागे एक. भटका कुत्रा या दोहोंपैकी कुठल्या गटात आहे, हे तपासल्याशिवाय कळत नाही. दुसरा निष्कर्ष अधिक बोलका आहे. मृत्यूंपैकी जवळपास निम्मे शस्त्रक्रियेनंतर झाले आणि त्यांतले बहुसंख्य पहिल्या तीन तासांत. म्हणजे ज्या वेळी डॉक्टर पुढच्या कुत्र्याकडे वळलेले असतात, नसेतली सुई काढून टाकलेली असते आणि कुत्रा फरशीवर अर्धवट शुद्धीत पडलेला असतो, तोच काळ सर्वांत धोक्याचा. डिसेंबरच्या थंडीत ओल्या फरशीवर, थंड सलाईन अंगात गेलेला कुत्रा गारठतो. गारठलेल्या शरीरातून भुलीची औषधे सावकाश बाहेर पडतात, नाडी मंदावते आणि आतला रक्तस्राव लक्षात यायला उशीर होतो. एक गोणपाट, कोमट केलेले सलाईन आणि दर पंधरा मिनिटांनी हिरडी, नाडी व श्वास पाहणारा एक माणूस, एवढ्याने यांतले काही मृत्यू टळू शकतात.

निविदेत न दिसणारा खर्च

प्रत्येक कुत्र्याला सलाईन लावलेच पाहिजे, असा याचा अर्थ नाही. तरुण, निरोगी, पाणी प्यायलेल्या नर कुत्र्याची दहा-पंधरा मिनिटांची शस्त्रक्रिया द्रवाशिवाय सुरळीत होऊ शकते. नसेत इंट्राकॅथ मात्र प्रत्येकाच्या असली पाहिजे, कारण रक्तदाब कोसळल्यावर नस सापडत नाही. प्रत्येकाला सलाईन लागत नाही, पण प्रत्येकाची तपासणी लागते.

येथे प्रश्न प्रशासनाचा होतो. कंत्राटाचे पैसे प्रति कुत्रा मिळतात. वजन करणे, रात्रभर पाणी ठेवणे, कोरड्या कुत्र्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे, तीन तास देखरेख ठेवणे या सगळ्याला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कुठल्याच रकान्यात नसतात. ढकललेली शस्त्रक्रिया कंत्राटदाराच्या दृष्टीने तोटा असते. म्हणून चांगला पशुवैद्यकही आकड्यांच्या रेट्यात सापडतो. न्यायालयाच्या आदेशानंतर हा रेटा वाढणार, हे उघड आहे.

पुलगावसारख्या नगर परिषदेला यावर मोठा खर्च न करता उपाय करता येतील. निविदेत प्रत्येक कुत्र्याची एक पानाची नोंद बंधनकारक करावी: वजन, तापमान, हिरडी, नाडी, तुटीचा अंदाज, दिलेला द्रव, किती वेळात दिला आणि शुद्धीवर येण्याची वेळ. तपासून पुढे ढकललेल्या कुत्र्याच्या देखभालीचे पैसे वेगळे द्यावेत, म्हणजे ढकलणे तोट्याचे राहणार नाही. एका शल्यचिकित्सकाने दिवसात किती शस्त्रक्रिया कराव्यात, याची मर्यादा आधीच ठरवावी. मोठ्या मोहिमा एप्रिल-मे टाळून घ्याव्यात आणि उन्हाळ्यात कुत्रे पकडायचेच असतील तर पहाटे पकडून सावलीत, पाण्यासह ठेवावेत. दगावलेल्या प्रत्येक कुत्र्याचे शवविच्छेदन व्हावे आणि त्याचा निष्कर्ष नियमांत तरतूद असलेल्या स्थानिक देखरेख समितीसमोर यावा. प्रशिक्षणासाठी फार लांब जायला नको. १९५८ पासूनचे नागपूर पशुवैद्यक महाविद्यालय पुलगावपासून शंभरेक किलोमीटरवर आहे.

मृत्यूची नोंद लपवण्याची वृत्ती समजण्यासारखी असली तरी तिची किंमत मोठी आहे. गल्लीतला कुत्रा गाडीतून गेला आणि परत आलाच नाही, किंवा येऊन दोन दिवसांत मेला, की ती बातमी वस्तीत पसरते. पुढच्या वेळी गाडी आली की लोक कुत्री घरात लपवतात. त्याला भाकरी घालणारी म्हातारी त्याला पकडून द्यायला तयार होत नाही. रेबीजची साखळी तोडायला सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी लागते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोकांचे सहकार्य नसेल तर गाडीवाल्यांच्या हाती लागतात ती फक्त सहज सापडणारी कुत्री आणि हा आकडा गाठता येत नाही. गोव्याने लोकांना सोबत घेऊन, वर्षानुवर्षे घरोघर व गल्लोगल्ली लसीकरण केले आणि २०२१ मध्ये ते रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले. तिथे जे जमले त्याच्या मुळाशी हा विश्वास होता.

वस्तीत कान कापलेला, खपली धरलेला, पण शेपूट हलवत परतलेला एक कुत्रा मोहिमेची जेवढी जाहिरात करतो तेवढी कुठलाही फलक करत नाही. नोव्हेंबरच्या आदेशातील ठिकाणांवरून हटवलेले कुत्रे निवाऱ्यात राहतील, तरी तेथेही हाच प्रश्न आहे: ते तेथे जिवंत पोहोचले का, आणि त्यांची लस नोंदली गेली का. निर्बीजीकरणाचे यश किती कुत्रे टेबलावर चढले यावर मोजले जाते. ते टेबलावरून उतरून स्वतःच्या पायांवर चालत गेलेल्यांवर मोजायला हवे. त्याची सुरुवात सलाईनची चावी फिरवण्याआधी हिरडीवर ठेवलेल्या बोटाने होते.